बळीरामची खाट

सरकारी तोफांच्या कारखान्याची नोकरी सोडून दिवाकरने कांचघर मोहल्ल्यात दुकान थाटलं, तेव्हा अण्णांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पोराचा रेडिओ उघडून बसायचा नाद त्यांनी सोसला होता, पण त्या नादापायी तो पेन्शनीवर पाणी सोडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुकानात तयार माल नावालाही नव्हता. ज्याला जे हवं ते त्याने सांगावं, दिवाकर बनवून देणार.

एकाहत्तरची लढाई लागली आणि कारखान्यात पुन्हा भरती निघाली. अण्णा दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"साहेबांना शब्द दिला आहे. सोमवारी गेटवर ये. लोक डबल पाळ्या करून राहिले, अन् तू इथे तारा जोडत बसला."

तेवढ्यात शेजारच्या नर्मदावहिनी आल्या. त्यांचा नवरा बळीराम कारखान्यात घणाच्या खात्यात राबून बहिरा झाला होता; अगदी कानाशी ओरडलं तरच त्याला थोडं ऐकू यायचं.

"भाऊजी, मी दवाखान्यात रात्रपाळीला असते. हे एकटे झोपतात. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तर यांना कळेल कसं?"

"कळेल. मी बनवतो," दिवाकर अण्णांकडे बघत म्हणाला.

जुन्या टेलिफोनातला मायक्रोफोन त्याने खिडकीला बांधला. भोंगा ऐकला की दिवा लागणार. शनिवारी तिन्हीसांजेला सरावाचा भोंगा झाला. ब्लॅकआउटसाठी गल्लीतले सगळे दिवे विझले आणि बळीरामच्या घरात शंभराचा बल्ब लख्ख पेटला.

"पूरे कांचघर में एक ही घर चमक रहा है, भैया," शिटी फुंकत आलेला वॉर्डन म्हणाला. "दुश्मन को न्योता दिया है क्या?"

गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत. "झाली हौस?" एवढंच म्हणाले.

दिवाकरचे कान तापले. आपल्याला जमत नाही की काय, हा किडा डोक्यात वळवळला. पण सकाळी उठून त्याने अण्णांचा टेबलफॅन उचलला, त्याचं एक पातं कापलं आणि पंखा खाटेखाली आवळून बसवून दिव्याची तार त्याला जोडली.

"अरे, माझा पंखा!"

"थंडीत काय करता त्याचं?"

संध्याकाळी भोंगा वाजला. अंधारात लंगडा पंखा फिरला, खाट थडथडली आणि गाढ झोपलेला बळीराम ताडकन उठून बसला.

"खाट कोण हलवून राहिलं?"

नर्मदावहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

अण्णा दारातच उभे होते. "ठीक आहे. पण साहेब उद्या वाट पाहतील. मी शब्द दिला आहे."

"तुम्ही दिला, अण्णा. तुम्हीच परत घ्या."

बळीरामला प्रकार खुणांनी समजावला, तसा तो खाटेवरूनच ओरडला, "आमच्या खात्यात माझ्यासारखे लई आहेत. त्यांना काय सांगू?"

दिवाकर त्याच्या कानाशी वाकला. एरवी चारचौघांत त्याचा आवाज फुटत नसे. आज मात्र त्या काळोख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो ओरडला, "दुकानावर पाठवा! सोमवारी उघडं आहे!"