सुईत ओवलेला दोरा

मुखेडच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी नेत्रबाबाच्या मांडवात होती. बाबानं कावेरीबाईचा चष्मा काढून घेतला, पापण्यांवर अंगारा फुंकला आणि हातात सुई-दोरा दिला. म्हातारीनं सुई नाकाजवळ धरली आणि खरंच दोरा ओवला.

"बघा! ना सुरी, ना टाका! मोतीबिंदू पळाला!" बाबा गरजला. "डॉक्टरला मशीन लागतं, आपल्याला नुसती फुंकर!"

मांडवभर जयजयकार झाला. खांबाला टेकून उभ्या असलेल्या तनुजाचा जीव मेटाकुटीला आला. ती सरकारी दवाखान्यात डोळे तपासायची. कावेरीबाईच्या ओट्यावर बसून बसून तिनं तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला राजी केलं होतं. उद्या सकाळी दवाखान्याची गाडी न्यायला येणार होती.

"मावशी, उद्या येताव ना?"

"आता कशाला माय? बाबानं नजर दिली की!"

वाद घालायचं त्राण तनुजात उरलं नव्हतं. तिनं रस्त्याकडं बोट केलं. "पलीकडं चहाच्या गाड्यापाशी कोण हाय?"

कावेरीबाईनं डोळे बारीक केले. "असंल कुणी बाई."

"तुमची लेक अयोध्या हाय. तुमच्या ऑपरेशनसाठी अहमदपूरहून आली. मघापासून तुम्हाला हात करून राहिली."

कावेरीबाईचा चेहरा उतरला. "मंग सुई कशी दिसली?"

"मोतीबिंदू पिकताना डोळ्यातलं भिंग घट्ट होतं. काही दिवस जवळचं बिनचष्म्याचं दिसतं, लांबचं जातं. पुढं तेबी जातं. लईच उशीर केला तर डोळाच जातो." मग तिनं रांगेकडं पाहिलं. "बाबाचा चेला तिथं प्रत्येकाला चष्मा काढून सुईचं भोक दिसतं का इचारतो. दिसलं तरच मांडवात. बाकीच्यांची म्हणे श्रद्धा कच्ची!"

"लांबचं अमावास्येनंतर दिसंल!" बाबा घाईघाईनं म्हणाला. दोघं-चौघं हसले. रांगेतून मात्र कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत कावेरीबाई आणि अयोध्या, एवढ्या दोघीच बसल्या. बाकीच्या रिकाम्या जागांकडं बघून तनुजाला फार वाईट वाटलं.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा अयोध्या दूर, वॉर्डाच्या दारात उभी होती. कावेरीबाई खाटेवरून म्हणाली, "अयोध्ये, तिथं उभी राहून रडतीस कशाला गं?"

तोवर बाबाचा मांडव दुसऱ्या गावच्या बाजारात लागला होता, आणि तनुजा तिथंही खांबाला टेकून उभी होती. सुई ओवता आली म्हणून डोळा बरा झाला असं समजू नका. आपलं माणूस लांबून ओळखू येतं का, तेवढं तपासा. येत नसेल, तर उद्याची गाडी चुकवू नका.