रहाटावरची रेजिना

"बाय, जरा मागे सरक. दगड उडतील!" एडवर्ड ओरडला.

रेजिना मागे सरकली. ट्रकमधलं डबर घरंगळत विहिरीत कोसळलं. पाण्याचा आवाज झाला तो त्या खेपेलाच. दुसऱ्या ट्रकपासून नुसता दगडावर दगड आपटल्याचा आवाज येऊ लागला.

रडू येईल म्हणून तिने सकाळीच कमरेला रुमाल खोचला होता. रडू काही आलं नाही. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी वाडीत चाललंय आणि आपण रस्त्यावरून जाता जाता बघायला थांबलोय, असं तिला वाटत होतं. दुपारच्या बोंबलांचं कालवण करायचं की तळायचे, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

आगाशीजवळच्या या वाडीत रेजिनाची पन्नास वर्षं गेली होती. लग्न झालं नाही; ते का झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. आईवडील गेल्यावर तिने एकटीने वाडी सांभाळली. आधी पानवेली गेल्या. मग विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि केळी उभ्या उभ्या पिवळ्या पडल्या. विहिरीकडचा तुकडा इमारतीला द्यायचा, असं धाकट्या भावाने, एडवर्डने ठरवलं, तेव्हा ती "दे" एवढंच म्हणाली होती.

एडवर्ड मात्र सकाळपासून कासावीस होता. तो मुंबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. आज मुद्दाम रजा काढून, कॉलेजात जाणाऱ्या बेलाला घेऊन आला होता. लेकीला हे सगळं एकदा दाखवायचं होतं त्याला.

"इथे रहाट होता बेला," तो हाताने हवेत मोठं वर्तुळ काढत म्हणाला. "गाडग्यांची अशी लांब माळ. रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाणी पाटात पडायचं. तिकडे चटयांवर सोललेली केळी सुकेळ्यांसाठी वाळत घातलेली असायची. कावळे हाकलता हाकलता आम्हीच निम्मी खायचो. काही नव्हतं गं आमच्याकडे, पायात चप्पल नव्हती, पण काय दिवस होते!" तो रेजिनाकडे वळला. "आणि तुझी आत्या म्हणजे राणी! मला उन्हातान्हात शाळेत पिटाळायचे, आणि ही दिवसभर रहाटाच्या दांड्यावर बसून गोल गोल फिरायची. मला इतका राग यायचा हिचा!"

बेला हसली. "आत्या, तू नाही जायचीस शाळेत?"

"जायची की. चौथीपर्यंत."

"मग?"

"मग गडी गेला गिरणीत कामाला. रेडा हाकायला कुणी नव्हतं."

तसं कुणी काही ठरवून केलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, एवढा उन्हाळा बस, पाऊस लागला की जा शाळेत. पाऊस लागला, रहाट थांबला, पण तेव्हा आई बाळंतीण होती. ते बाळ जगलं नाही आणि आईने अंथरूण धरलं. शाळेतल्या इझाबेलबाई एकदा वाडीत येऊन गेल्या. "पोरगी हुशार आहे हो," म्हणाल्या. "पुढल्या वर्षी नक्की पाठवतो," बाबांनी सांगितलं. रेजिना तेव्हा रहाटावरच होती. बाईंशी बोलावं म्हणून ती उतरायला गेली, तर रेडा थांबला आणि बाबांनी तिथूनच हाक दिली. ती परत चढून बसली. पुढच्या फेरीला तोंड वळलं तेव्हा बाई फाटकाबाहेर गेल्या होत्या.

"पण तुला आवडायचं ना, बाय?" एडवर्डने विचारलं. "केवढी गाणी म्हणायचीस तू! शाळेतून येताना मला पार रस्त्यापर्यंत ऐकू यायची."

"झोप येऊ नये म्हणून म्हणायची," रेजिना म्हणाली. "एकदा डुलकी लागली नि खाली पडले. तेव्हापासून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात आज काय भाव आहे ते सांगावं, तसं तिने सांगितलं. बेला बापाकडे बघू लागली. एडवर्डने तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिसरा ट्रक मागे येऊ लागला आणि सगळ्यांना बाजूला व्हावं लागलं.

दुपारी तिघं जेवायला बसली. एडवर्डने कालवण भातावर ओतून घेतलं आणि तो भात नुसताच कालवत बसला.

"मला कुणी सांगितलं नाही कधी," तो म्हणाला.

"तू लहान होतास."

"तुझ्याहून दोनच वर्षांनी."

"अजून भात घे," रेजिना म्हणाली.

त्याने भात घेतला नाही. जेवणं झाल्यावर तो उठला. आपलं ताट उचललं, मग तिच्या पुढ्यातलंही उचललं आणि मोरीत जाऊन शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"अरे, ठेव ते. मी घासते."

"बस तू."

राखेचं खापर कुठे असतं तेही त्याला ठाऊक नव्हतं. बेलाने ते पुढे सरकवलं. तो खाली मान घालून ताट घासत राहिला, एकच ताट, पुन्हा पुन्हा. बाहेर ट्रकवाले एकमेकांना हाका मारत होते.

रेजिना पाटावर बसून राहिली. उजव्या हाताला कालवण लागलेलं होतं, ते वाळू लागलं होतं. असं किती वेळ बसायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं.