दारापर्यंतची चिठ्ठी

कॉलेजच्या गाडीची कूपनं देणाऱ्या मावशींनी फाडलेली अर्धी चिठ्ठी खिडकीच्या काचेला टेकवून धरली.

"ही बघा. साडेचारलाच उतरली तुमची मुलगी. दार आल्याशिवाय पोरी ही अर्धी चिठ्ठी ड्रायव्हरला देत नाहीत. नियमच आहे तसा."

"मी घरूनच येतोय," बाहेरचा माणूस म्हणाला. "दाराला कुलूप आहे. फोन लागत नाही."

त्याच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. गाडीच्या सहामाही पासाचे पैसे त्याने आगाऊ भरले होते, ते मुलगी कॉलेजच्या फाटकातून थेट घरच्या दारात पोचावी म्हणून.

मावशींचा हात खाली आला. हा नियम त्यांनीच घालून दिला होता. एका ड्रायव्हरने कुणाच्या तरी लेकीला अर्ध्या वाटेत उतरवलं होतं, तेव्हापासून. अर्धी चिठ्ठी हातात पडली की त्या निर्धास्त होत. चिठ्ठीवर कुणाचं दार, हे लिहायची जागा ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यांनी गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. गाडी हाकायच्या तऱ्हेवरून पोरींनी त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं.

"सावकाश, यांची मुलगी कुठे उतरवलीस?"

"दारात."

"कुणाच्या?"

त्याने कोरडंच फडकं पिळलं.

"मावशी, मी शब्द दिलाय तिला."

"शब्द घाल चुलीत. बाप उभा आहे समोर. त्याच्या तोंडाकडे बघ जरा."

"बोल बाबा," तो माणूस म्हणाला. "काय असेल ते असेल. पण बोल."

ड्रायव्हर बोलला, पण मावशींकडे बघून.

"दर मंगळवारी आईकडे उतरते. शिलाईच्या दुकानावरची खोली. तासभर बसते, मग चालत घरी जाते. वडील कामावरून यायच्या आत पोचते. म्हणाली, त्यांना कळलं तर माझं तेवढंही जाणं बंद होईल."

खिडकीच्या कडेवर त्या माणसाची बोटं पांढरी पडली.

"खालीच सोडून निघतोस?" त्याने विचारलं.

"नाही. वरचं दार उघडेपर्यंत थांबतो. तिच्या आईच येतात दारात. काठी टेकत येतात, म्हणून वेळ लागतो."

"काठी?"

"दोनेक महिने झाले असतील."

त्या माणसाने खिशातून फोन काढला. किती वाजले ते पाहिलं. मावशी खिडकी सोडून बाहेर आल्या.

"साहेब, पोरीवर हात टाकू नका. पास बंद करायचा तर उद्या या, मी अर्ज देते. आज डोक्यात राग आहे."

त्याने ऐकलं की नाही, कळेना. तो भिंतीकडच्या बाकापाशी गेला. मुली गाडीची वाट बघत बसतात तो बाक.

"इथे बसलो तर चालेल?"

"बसा की. पण घरी जायचं नाही का? ती येऊन कुलूप काढेल एवढ्यात."

"मला घरी पोचायला रोज साडेसहा होतात," तो बसत म्हणाला. "आज उगाच लवकर सुटलो."