मैल भरले तेव्हा

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात समया, कापूर, उदबत्त्या आणि एक निळा बिस्किटांचा डबा असे. डब्यात माझ्या नवऱ्याच्या बोर्डिंग पासची अर्धुकं होती. मैलांचा हिशेब चुकला तर पुरावा म्हणून ती जपायची असतात, असं कार्तिकनं मला बजावलं होतं. मी पुण्याची. कुठल्याही फुकट वस्तूकडे आधी संशयानं बघायचं, हे आमच्याकडे बाळकडूतच पाजतात.

ही गोष्ट शहाण्णव सालची. कार्तिक इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि सारखा परदेशी क्लायंटकडे पळत असे. तिकीट कंपनी काढायची, मैल मात्र याच्या नावावर जमायचे. विमानवाल्यांनी तेव्हा हे गाजर नवंच दाखवलं होतं. आमच्याच विमानानं उडत राहा, उडालेले मैल आम्ही मांडून ठेवतो, पुरेसे भरले की एक तिकीट फुकट. आता शहाण्या माणसानं एकच कंपनी धरली असती. पण नवं कार्ड घेतलं की सुरुवातीलाच थोडे मैल बक्षीस मिळत, आणि या मोहापायी आमच्या साहेबांनी एक जर्मन कंपनी, एक इंग्रज कंपनी आणि एक सिंगापूरची अशी तीन कार्डं करून ठेवली होती. इकडचे मैल तिकडे चालत नाहीत.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणायची.

"बघशील, तिन्ही एकदम भरतील," तो म्हणायचा. असं बोलताना त्याचा चेहरा इतका खुलायचा की पुढं काही बोलवत नसे.

त्याचं हे वेड घरात एकाच माणसाला नीट कळलं होतं, ते म्हणजे त्याच्या आईला. पद्मावती त्यांचं नाव, पण सगळं गोत त्यांना अक्का म्हणे, पोटची मुलंसुद्धा. हे घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. मराठी टिकवलं, पण त्यात कन्नड असं मुरलं की लग्नानंतर सहा महिने मला निम्मं बोलणं अंदाजानंच घ्यावं लागलं. सासरे, भीमसेनराव, मी यायच्या आधीच गेले होते. हेब्बाळच्या तळ्याजवळच्या आमच्या नव्या घरात अक्का दुपारभर पडवीत बसून लाखाच्या वाती वळत. मुलगी मनस्विनी, सगळ्यांची मनू, अमेरिकेत होती, तिची कूस उजवावी म्हणून लक्षवातींचा नेम केला होता.

"लाख भरले की उद्यापन," त्या मला सांगत. "कार्तिकचं पण तसंच की गं. मैल भरले की तिकीट." मग वळलेली वात टोपलीत टाकून पुस्ती जोडत, "पण यानं वाती तीन देवळांत वाटल्या बघ. एकाही देवाचा लाख भरेना."

त्यांचा नेम पुरा व्हायच्या आधीच मनूला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात काहीतरी बिनसलं आणि तिथल्या डॉक्टरनं तिला अंथरुणाला खिळवून ठेवलं. उठायचं नाही, जिना चढायचा नाही, विमान तर नाहीच. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं संपलं. नवरा शंतनु सकाळी जाई तो रात्रीच घरी येई. ती दिवसभर एकटी छताकडे बघत पडून असे. शनिवारी फोन आला की आधी हसून बोले आणि शेवटी म्हणे, "अक्का, तू कधी येणार?"

शंतनुनं लगेच फोन केला. "अक्का, मी तिकीट पाठवतो. या आठवड्यात निघा."

"सरी, येते मी, पण तुमच्या पैशानं नको," अक्का म्हणाल्या. "बाळंतपण माहेरचं असतं. माझा मुलगा पाठवील मला."

आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, मुलीला मूल होईस्तोवर आई-वडील तिच्या घरी जेवत नाहीत. पाणी प्यायलाही अक्का नाखूश. तिथं गेल्यावर बाळ होईपर्यंत खायला म्हणून स्वतःचा शिधा त्या इथूनच नेणार होत्या. तांदूळ, मेतकूट, सांडगे, गूळ. वर आणखी जावयाच्या तिकिटावर जायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मुलाच्या मैलांचं तिकीट मात्र माहेरचं.

मी कार्तिकला म्हटलं, "सरळ विकत काढ. घराचे हप्ते आहेत, ठाऊक आहे मला. माझ्या बांगड्या काय कामाच्या?"

"अगं, जर्मनवाल्यांचे एका फेरीत भरतायत! एका फेरीसाठी एवढे पैसे घालायचे? मी सगळ्यांना सांगितलंय, अक्का माझ्या मैलांवर अमेरिकेला जाणार."

खरं दुखणं हेच होतं. हयवदनमामापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. काठोकाठ भरत आलेलं भांडं सोडून दुसरं विकत आणायला त्याचा जीव होईना. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. पण एकीकडे आईचा मान आणि दुसरीकडे मुलाचा मान, त्यात सून काय बोलणार? दोघांनाही मनूचीच काळजी होती, आणि याचाच मला जास्त राग येई.

कार्तिकनं दुसऱ्या कुणाची जर्मनीची फेरी मागून घेतली आणि आषाढात दोन आठवडे जाऊन आला. परत आल्यावर कळलं की उडालेले मैल खात्यावर चढायला काही आठवडे जातात. ते चढल्याखेरीज तिकीट मिळत नाही. तो रोज ऑफिसातून त्यांना फोन करी. अक्का मद्रासला जाऊन व्हिसाचा शिक्का घेऊन आल्या होत्या. त्या आता तयारीला लागल्या. डिंक तळला, खारीक कुटली, अळीव निवडले. बाळंतशोपा आणि धुरीचा ओवा वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधला. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. त्यांचं सामान बघून मी थट्टा करायची, "अक्का, विमान खाली बसेल हं!" त्या हसायच्या. तेवढ्यात शिधा किती लागेल याचा हिशेब चुकल्यासारखं वाटून पुन्हा मूठभर तांदूळ पिशवीत घालायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी शनिवार नसताना फोन वाजला. शंतनु होता. कार्तिकनं ऐकलं आणि रिसीव्हर तसाच अक्कांच्या हातात दिला. सातव्या महिन्यातच कळा आल्या होत्या. मुलगा होता. जन्मला तेव्हाच गेलेला होता.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तिच्याजवळ कोण आहे?"

"मी आहे, अक्का."

"कळा आल्या तेव्हा कोण होतं?"

कुणीच नव्हतं. तो ऑफिसात होता, तिनं स्वतःच फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली होती. शंतनु रडत म्हणाला, "डॉक्टर म्हणतात कुणी असतं तरी हे झालंच असतं."

"झालं असतं," अक्का म्हणाल्या. "पण एकटीला झालं नसतं."

चार दिवसांनी मनू स्वतः बोलली. बाळाबद्दल एक शब्द नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, दूध येतंय गं. काय करू?" अक्कांनी सातासमुद्रापलीकडून तिला घट्ट पट्टी कशी बांधायची ते सांगितलं. सांगता सांगता हातानं हवेतच गाठ मारून दाखवत होत्या. मला ते बघवेना. मी उठून आत गेले आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं. त्या दिवशी वातींची टोपली माळ्यावर गेली.

आणि त्याच आठवड्यात जर्मन कंपनीचं पाकीट आलं. मैल भरले होते. वर थोडे उरले होते.

कार्तिक ते पाकीट घेऊन पायरीवर बसून राहिला. मला त्याला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं, दोन महिन्यांचं साठलेलं. पण त्याच्याकडे बघितलं आणि मी दारातच उभी राहिले. अक्काच बाहेर आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या.

"ते तिकीट तिच्या नावानं होतंय का रे? तिकडनं इकडे?"

"होतं. कुणाच्याही नावानं काढता येतं."

"मग काढ. मी जाऊन आता दुपटी कुणाला घालू? तिला घेऊन ये."

तो एम.जी. रोडवरच्या विमान कंपनीच्या ऑफिसात गेला. काउंटरवरच्या मुलीनं हसून अभिनंदन केलं, पहिलं फुकटचं तिकीट ना सर, सुट्टीला चाललात का म्हणून विचारलं. कार्तिक "हो" म्हणाला. घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

तेव्हा विमानतळ शहरातच होता. आता तो जिथं आहे त्या देवनहळ्ळीला अजून द्राक्षांचे मळे होते. मनू बाहेर आली तेव्हा आधी मी ओळखलंच नाही. हातात फक्त एक पर्स होती आणि ती तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "अण्णा, तुझे मैल मीच संपवले," ती कार्तिकला म्हणाली आणि हसायला गेली. कार्तिकनं तिची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत आमच्या पुढे पुढे चालत राहिला, आम्हाला तोंड दाखवलं नाही.

घरी मागची खोली तयार होती. खिडकीला पडदा, बाजेखाली ठेवायची शेगडी, कोनाड्यात धुरीचा ओवा, अंगाला चोळायला गरम केलेलं तेल, डोक्याला बांधायला मऊ फडकं. डब्यात डिंकाचे लाडू होते. मनू दारातच थबकली.

"हे काय गं, अक्का? ही कुणासाठी खोली केलीस? बाळ कुठाय?"

"बाळ नाही, मा," अक्का म्हणाल्या. "बाळंतीण आहे की."

मनू दाराला धरून खाली बसली आणि मग जे रडली, ते त्या तिकडच्या इस्पितळात, त्या रिकाम्या घरात, विमानात, कुठंच रडली नव्हती. अक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "स्वल्प खा," म्हणून लाडवाचा एक तुकडा तोंडात घातला. ती रडत रडत चावत होती.

त्यानंतर चाळीस दिवस अक्कांनी तिचं सगळं केलं. रोज तेल, रोज ऊन पाणी, रोज शेक, कानाला फडकं बांधल्याशिवाय पडवीत यायचं नाही. शेजारणी कुजबुजल्या, मूल नाही आणि हे काय सोहळे. अक्कांनी एकीला तोंडावरच सांगितलं, "मूल गेलं म्हणून हिची हाडं कमी दुखली काय?" पुन्हा कुणी बोललं नाही. दुपट्यांची घडी मात्र त्यांनी कपाटात खालीच ठेवली होती. एकदा मनूनंच ती काढली आणि दुपारी उशाशी घेऊन झोपली.

परतीचा दिवस जवळ आला तशी मनू पुन्हा गप्प व्हायला लागली. तिच्या तिकिटाला परतीचा अर्धा भाग होताच. पण त्या रिकाम्या घरात, दिवसभर एकटीनं, त्याच छताकडे बघत? रात्री जेवताना अक्का म्हणाल्या, "मी जाते हिच्याबरोबर. थोडे दिवस राहते."

कार्तिकनं मान वर केली. बिचाऱ्याच्या डोळ्यांत किती दिवसांनी थोडा जीव आला. "अक्का, सिंगापूरवाल्यांचे थोडेच कमी आहेत. पुढच्या महिन्यात एक फेरी मारली तर..."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

अक्का उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि फोनपाशी गेल्या. तोपर्यंत त्यांनी जावयाला कधी स्वतःहून फोन केला नव्हता. नंबर मी लावून दिला.

"शंतनुराव, मी पद्मावती बोलते. मनूबरोबर मी येणार तिकडे. माझं तिकीट तुम्ही काढा."

पलीकडून तो गडबडीनं काहीतरी म्हणाला. आनंदानं असावं, आणि थोडं चाचरतही.

"आणि शिधा आणणार नाही मी. तुमच्या घरी जेवणार."

मनू ताटावरून उठून दारात येऊन उभी राहिली. शंतनुनं बहुतेक त्या जुन्या नेमाचं विचारलं असावं. अक्कांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"नातवंड झाल्याशिवाय जेवत नाही, असं म्हटलं होतं ना मी? झालं की हो. नातू झाला होता मला."