मर्लो तळ्याचा पश्चिम काठ

वणवा विझल्यावर महिन्याने मर्लो तळ्याचा रस्ता उघडला, आणि त्याच सकाळी ग्रेटा आणि तिचा धाकटा भाऊ डर्मट आपापली एकट्याने वल्हवायची कयाक होडी घेऊन पाण्यात उतरले. वडिलांनीच पाठवलं होतं. ॲल्विन उमेदीची सगळी वर्षं या अभयारण्यात रेंजर होते. आता फुफ्फुसं दगा देत होती, अंथरूण सुटत नव्हतं. "पश्चिम काठाचे फोटो काढून आण," एवढंच ते लेकीला म्हणाले होते.

तिथे पेन्सिल पाइनची राई होती, हजार वर्षांची. त्या झाडांखालीच आईची राख मातीत मिसळली होती. निलगिरी जळली तरी पुन्हा फुटते. पाइन मात्र जळला की संपला.

खडकाला वळसा घातला आणि ग्रेटाचं वल्हं थांबलं. नुसती काळी खोडं उभी होती.

"एकही नाही गं," डर्मट म्हणाला.

ग्रेटाने कॅमेरा बाहेर काढलाच नाही. "चल परत. गेल्या वर्षीचे आहेत माझ्याकडे, तेच दाखवू. बाबांना आता काय कळतंय?"

"त्यांना? तू बिस्किटं चोरलीस तरी दारातूनच ओळखायचे!"

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. डर्मटने आपली कयाक तिच्या कयाकला लावून धरली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि काठाकाठाने जात फोटो काढले.

संध्याकाळी ॲल्विननी एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"बाबा, मी जुनेच दाखवणार होते."

"मग घराबाहेर काढलं असतं तुला." त्यांना खोकला आला. श्वास जुळेपर्यंत ते तिचा हात धरून होते. "माझी राखही तिथेच टाका."

"आता तिथे काही उरलं नाही, बाबा."

"तुझी आई आहे ना. एकटी पडलीय बिचारी."

ईस्टरआधीच ते गेले. दोघं भावंडं पुन्हा त्या काठाला लागली तेव्हा, त्या मुलखात ईस्टरच्या सुमाराला पडतो तसा, गारठा पडला होता, वारा उलटा होता. अर्धी राख डर्मटच्या दाढीत आणि कयाकमध्ये गेली.

"जाताना पण माझंच डोकं खाल्लं म्हाताऱ्याने," तो म्हणाला, आणि दाढी न पुसताच वल्हं हातात घेऊन बसून राहिला.