शिळं पाणी

हेंद्रेपाड्याच्या त्या घरात धाकटी सून नोकरीला जाते, याचं द्रौपदीला काही वाटत नव्हतं. तिला सलत होती ती संध्याकाळ. नूतन घरी आली, चिखलाने भरलेले बूट दाराशी काढले, की ओटीवर बसलेले आण्णा तिला विचारायचे, "काय म्हनते नदी?" मग चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत सासरा आणि धाकटी सून बोलत बसायचे. साय काढून चहा पुन्हा ऊन करायचं काम तेवढं थोरलीचं.

नूतनचं काम नदीचंच होतं. उल्हास नदीच्या काठी, शहरासाठी पाणी उचलतात तिथे, पाणी तपासणारी यंत्रं बसवली होती. त्यांची टोकं सदा पाण्यात बुडलेली. पाणी आंबट आहे का, गढूळ किती, ते तिथून परस्पर कचेरीत कळायचं. पण नदीत बुडालेल्या वस्तूवर शेवाळ धरतं, गाळ बसतो, आणि मग यंत्र खोटं बोलायला लागतं. म्हणून नूतन दर आठवड्याला ती टोकं बाहेर काढून मऊ ब्रशाने साफ करायची, ठरीव द्रावणात बुडवून आकडा बरोबर येतो का ते पाहायची. आण्णांना याचं कोण कौतुक! नदीला आंघोळ घालून आली, म्हणायचे.

द्रौपदी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई, कमळाबाई, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. नव्या सुनेला नदीची ओळख करून दिली ती सासऱ्यानेच. पुढे आण्णा, मागे डोक्यावर पदर आणि कमरेवर हंडा घेतलेली ती. मागे वळून न बघता ते काठीने दाखवत जायचे. वाळूत इथे खणलं की गोड पाणी लागतं, त्या डोहाशी एकटीने जायचं नाही, या दगडाखाली चिंबोरी असते. सून आणि सासरा मोकळेपणी बोलत नसत असे ते दिवस. पण नदीपुरतं आण्णा तिच्याशी बोलायचे, आणि नदी तेवढी तिची होती. वाळू कधीच उपसून नेली, चिंबोऱ्या गेल्या, नळ आले. तरी ती बोलणी आपली आहेत असं द्रौपदी धरून होती. आता तीच नदी आण्णा नूतनला विचारत होते. अंबरनाथला नळाच्या पाण्यावर वाढलेल्या पोरीला!

एका शनिवारी नूतनने एक लांबट डबा घरी आणला. काठावरच्या यंत्रांच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून आंबटपणा मोजणारा प्रोब तिने काढून आणला होता. पेनाएवढा दांडा, टोकाला काचेचं बोंड, आणि त्या बोंडावर छोटी बाटली बसवलेली, आत थोडं पाणी. डबा तिने स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला.

"ताई, याला हात लावू नका हं. फार नाजूक असतं."

द्रौपदी काही बोलणार, तोच ओटीवरून आण्णा म्हणाले, "नाय लावनार ती. तिला काय कलतंय त्यातला?"

ते सहज बोलले. पण द्रौपदीला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

त्या घरात शिळं पाणी ठेवायचं नाही, हा कमळाबाईंचा दंडक. आदल्या दिवशीचं पाणी सकाळी अळूच्या वाफ्यात जायचं, भांडी चिंचेने घासायची, मग नवीन भरायचं. नळाला एकाआड एक दिवस पाणी येऊ लागलं तरी द्रौपदीने यात खंड पडू दिला नव्हता. रविवारी सकाळी तिने हंडे-कळशा रिकाम्या केल्या आणि तिची नजर त्या डब्यावर गेली. बाटलीच्या तोंडाशी पांढरं मीठ फुटलं होतं. आतलं पाणी गढुळलेलं. जगाचं पाणी तपासणारी ही, आणि हिच्या बाटलीत हे!

तिने बाटली अलगद सोडवली. कंदिलाच्या काचा पुसण्यात तिचं लहानपण गेलेलं, काचेला धक्का लागू दिला नाही. पाणी मोरीत ओतलं, बाटली विसळली, फिल्टरचं स्वच्छ पाणी भरून पुन्हा बसवली. सवयीने केलं की रागाने, हे तिने मनाला विचारलं नाही. नूतनला मात्र सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी नूतन आली ती उतरल्या चेहऱ्याने, आणि डबा परत घेऊन. प्रोब लावला, पण आकडा एका जागी ठरेना. ठरीव द्रावणातही भरकटत होता. यंत्र घरी नेऊन हिनेच बिघडवलं, असं साहेब म्हणाले. उद्या आकडा ठरला नाही तर नदीवरचं काम दुसऱ्या माणसाकडे जाणार होतं.

चुलीपाशी भाकरी थापताना द्रौपदीच्या जिवाला गार वाटलं. आता संध्याकाळी कोण काय विचारतं बघू.

"तुझ्या हातून नाय व्हायचा," आण्णा म्हणाले. "यंत्रच नासका आसंल."

"नाही आण्णा, माझीच चूक. बूच सैल राहिलं असेल."

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलीस तं चुकलीस. जो काम करतो तोच चुकतो. घरात बसनाऱ्याची कसली चूक?"

तव्यावरची भाकरी करपली. चूकसुद्धा नूतनचीच! द्रौपदी पीठभरल्या हातांनी ओटीवर आली.

"तिने नाही केलं. त्यातलं पाणी मी बदललं."

नूतनने डबा पुढे ओढला. "कुठलं घातलंत, ताई?"

"फिल्टरचं. चांगलं, ताजं."

नूतनला हसू फुटलं, रडण्याच्या जवळचं. ते पाणी शिळं नव्हतं, मुद्दाम खारं केलेलं होतं. शुद्ध पाणी काचेच्या आतलं मीठ ओढून घेतं. पण बोंड कोरडं पडलं नव्हतं ना? मग रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवलं की सकाळपर्यंत ताळ्यावर येईल बहुतेक. ती लगबगीने पिशवीतून द्रावण काढू लागली.

आण्णा मात्र थोरलीकडे वळले होते.

"हात लावू नको सांगितला व्हता ना तुला? आयकतेस कधी कोनाचा? नवी व्हतीस तवापासून हाच. वालूत खनलेला पानी निवलून द्यायचा, तं तू पाय घालून ढवलून ठेवलास. आख्ख्या आलीतल्या बाया थांबल्या व्हत्या घागरी घेऊन..."

"आण्णा, हे बघा, बोंड शाबूत आहे," नूतन म्हणाली.

"थांब गो जरा," तिच्याकडे न बघता आण्णा म्हणाले, आणि पुढे बोलू लागले. तो डोह, ती काठी, हंडा घेऊन घसरलेली द्रौपदी, सगळ्यावरून ते तिला टाकून बोलत होते, पण बोलत होते नदीचंच.

द्रौपदीने पदराला हात पुसले आणि खाली मान घालून त्यांच्यासमोर नीट मांडी घालून बसली.