दामदिनची हिरवळ

गोबी वाळवंटाच्या त्या टापूत सलग दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं. शरदात शेळ्या-मेंढ्यांच्या अंगावर चरबी चढली नाही, तर हिवाळ्यात त्या उभ्याच्या उभ्या गोठतात. म्हणून दामदिन म्हातारा एकटाच घोड्यावरून कुरण शोधायला गेला आणि परतला तो छाती फुगवूनच.

"दक्षिणेच्या खळग्यात रानकांदा माजलाय," तो लेकीला म्हणाला. "हिरवंगार! तो खाऊन मेंढ्या महिन्याभरात चरबी धरतील. तंबू सोड."

"खाली उतरून बघितलंत ना, बाबा?" खांडमानं विचारलं.

"उतरून बघायला मी काय आंधळा आहे?"

खांडमा तंबूचे दोर सोडू लागली. बापाचे डोळे अधू झालेत हे तिला ठाऊक होतं, त्यालाही होतं. पण म्हातारपण कबूल करायचं म्हटलं की माणसाची जीभच उचलत नाही. आणि तळ ठरवणाऱ्या वडीलधाऱ्याचा शब्द त्या मुलखात कुणी मोडत नाही.

वाटेत पाण्याचा थेंब नव्हता. मेंढ्या अडखळत होत्या. दामदिन मात्र पुढं गाणं म्हणत चालला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी खळगा आला. कळप धावला, हिरव्यात तोंडं घातली आणि तशीच वर काढली. दामदिन कान देऊन उभा राहिला. गवत तुटल्याचा आवाज येईना. रानकांद्याचा झणझणीत वास कुठंच नव्हता, होता तो कुबट दर्प. जमीन चरून चरून उजाड झाली की तिथं हेच वासाडं गवत माजतं. उपाशी शेळीही त्याला तोंड लावत नाही.

"दमलीत जनावरं," खांडमा घाईघाईनं म्हणाली. "उद्या खातील, बाबा."

लेक आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे म्हाताऱ्यानं ओळखलं. त्यानं वाकून एक पान तोडलं आणि नाकाशी धरलं.

"मला दिसत नाही, पोरी."

"माहितीये."

"हे गवत तुला कधी दिसलं?"

"आज सकाळी, टेकडीवरून. तोवर मागं फिरून पाण्यापर्यंत पोचायची सोय उरली नव्हती."

"निदान बोलायचंस तरी!"

"तुम्ही गाणं म्हणत होतात, बाबा. आई गेल्यापासून पहिल्यांदाच."

दामदिन लहान पोरासारखा रडला. समोर मेंढ्या एकेक करून खाली बसत होत्या, आणि बसलेली काही केल्या उठत नव्हती.